चारचाकीचे परिमाण

जैन अंगग्रंथांपैकी ‘उपासकदशा’ या ग्रंथात वाणिज्यग्रामच्या आनंद नावाच्या एका धनाढ्य गृहस्थाची कथा आली असून, महावीरांपुढे श्रावकाची व्रते घेताना त्याने आपल्या मालमत्तेस जी मर्यादा, म्हणजे परिमाण, घालून घेतली, तिची नोंद ग्रंथकाराने महसुली दप्तरास शोभेल अशा काटेकोरपणाने करून ठेवली आहे. चार कोटी सुवर्णमुद्रा ठेव म्हणून राखलेल्या, चार कोटी व्याजाने लावलेल्या, चार कोटी घरसंसारात गुंतलेल्या. 10 हजार गुरांचा एक, असे चार कळप. 500 नांगरांची जमीन. आणि मग गाड्यांचा क्रम येतो : परमुलखाच्या प्रवासासाठी 500 आणि जवळपासची ओझी वाहण्यासाठी 500, याहून एकही अधिक ठेवणार नाही. हजार गाडे बाळगणाऱ्याने कसला अपरिग्रह पाळला, असे म्हणून आजचा वाचक हसेल, आणि त्या हसण्यात तथ्य नाही असेही नाही. परंतु या नोंदीतील दोन गोष्टी मला विलक्षण वाटतात. त्या माणसाने ‘गरजेपुरते ठेवीन’ असे मोघम आश्वासन न देता आकडा उच्चारला. आणि तो उच्चारताना दूरचा उपयोग व जवळचा उपयोग यांची खाती वेगळी ठेवली. आज पुण्याठाण्याचे एखादे कुटुंब चारचाकी घ्यावयास निघते तेव्हा नेमक्या याच दोन गोष्टी त्याच्याकडून राहून जातात.

घरासाठी मोटार कोणती घ्यावी हा प्रश्न धर्मचिंतनाच्या कक्षेत ओढून आणणे कित्येकांस अतिरेकाचे वाटेल. रथ म्हटला की आपल्याला कठोपनिषद आठवते. शरीर हा रथ आणि बुद्धी हा सारथी, ही कल्पना कीर्तनकारांनी घरोघर पोचवली आहे. पण त्या रथात बसणाऱ्यावर रथ निवडण्याचा, त्याचे हप्ते फेडण्याचा आणि तो सोसायटीच्या आवारात कोठे उभा करावा याची तजवीज करण्याचा प्रसंग कधी आला नाही. संन्याशाचा मामला तर त्याहून सोपा : त्याचे परिमाण शून्य, आणि शून्याविषयी वाद संभवत नाही. खरी अडचण गृहस्थाची आहे. त्याची गरज खोटी नसते, म्हणून ती टाकून देता येत नाही. आणि ती स्थिरही नसते, म्हणून तिला एकदाच माप लावून मोकळे होता येत नाही. बदलत्या गरजेला मर्यादा घालावयाची ती कशी, हा या निबंधाचा प्रश्न आहे, आणि मोटारीइतके त्याचे ठसठशीत उदाहरण मध्यमवर्गीय घरात दुसरे सापडणार नाही.

एके काळी हा प्रश्न उद्भवतच नव्हता. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड एवढ्यातच निवड आटोपे, आणि तीही अर्ज करून वर्षानुवर्षे प्रतीक्षा केल्यानंतर. (कुर्ल्याच्या ज्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून ही फियाट बाहेर पडे, तिची स्थापना 1944 मध्ये ज्या वालचंद हिराचंदांनी केली ते सोलापूरच्या जैन घराण्यातले होते, हा योगायोग मला गमतीचा वाटतो.) त्या काळाविषयी हळव्या होणाऱ्या मंडळींना मी एवढेच सांगेन की सरकारच्या परवानापद्धतीने लादलेली टंचाई हे व्रत नव्हे, न मिळाल्यामुळे न घेणारा आणि मिळत असूनही न घेणारा यांत महदंतर आहे. डिसेंबर 1983 मध्ये मारुती 800 रस्त्यावर आली, नव्वदीनंतर परदेशी कंपन्यांस दार उघडले, आणि आता निवडीला अंत उरला नाही. व्रताची वेळ खरोखर आता आली आहे.

कुटुंबाच्या आयुष्याकडे पाहा. नवरा-बायको दोघेच असतात तेव्हा छोटी मोटार पुरते, किंबहुना ती पार्क करणे सोपे म्हणून तीच बरी. मूल झाले की मागच्या आसनावर त्याची खुर्ची बांधावी लागते, आणि बाबागाडी मागच्या डिकीत मावते की नाही हा अकस्मात जीवनमरणाचा प्रश्न होऊन बसतो. पुढे आईवडील गाव सोडून मुलाकडे राहावयास येतात. मग मुलेच मोठी होऊन शिकावयास परगावी जातात आणि पुन्हा दोघेच उरतात, फक्त यावेळी गुडघे पहिल्यासारखे नसतात. मनुस्मृतीने सुरकुत्या, पांढरे केस आणि नातवंडाचे मुख ही गृहस्थाश्रम सोडण्याची चिन्हे सांगितली. आमच्या पिढीत वनाला कोणी जात नाही, परंतु चिन्हे काही चुकत नाहीत. मोटार वाहन कायदा, 1988 अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी 15 वर्षे चालते. त्या एका दस्तऐवजाच्या मुदतीत बहुतेक घरे एक अख्खी अवस्था ओलांडून जातात.

एवढ्या स्थित्यंतरांतून जाणारा माणूस निवड कशी करतो? माझ्या निरीक्षणाप्रमाणे तो वर्षातल्या सर्वांत दुर्मिळ दिवसाकडे पाहून निवड करतो. गणपतीत सात माणसांनी कोकणात जावयाचे असते म्हणून सात आसनांची गाडी येते, आणि उरलेले सारे वर्ष त्या सात आसनांपैकी एकावर एक इसम बसून हिंजवडीला नोकरीस जातो. त्यातही बाजारातील बहुतेक सातआसनी गाड्यांत तिसरी रांग उघडली की सामानाला जागा उरत नाही. सात माणसे बसली तर पिशव्या टपावर आणि पिशव्या आत घेतल्या तर दोन माणसे एस.टी.ने, असा तो हिशेब असतो. खर्च वाचावा म्हणून सी.एन.जी. घ्यावी तर टाकी डिकीतलीच जागा खाते. दुर्मिळ दिवसासाठी जे घेतले ते त्या दिवशीदेखील पुरे पडत नाही. त्या चार दिवसांपुरती गाडी चालकासह भाड्याने घेण्यात कमीपणा कसला, हे मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही.

मर्यादा घालण्याचा प्रयत्न सरकारनेही केला. 2006 च्या अर्थसंकल्पात छोट्या मोटारीची व्याख्या ठरली : लांबी चार मीटरच्या आत, पेट्रोलचे इंजिन 1200 आणि डिझेलचे 1500 घनसेंटिमीटरपर्यंत. या मर्यादेत राहील तिला अबकारी करात सवलत. पुढे करपद्धती बदलली तरी ही व्याख्या टिकून राहिली, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून तर तिच्या आतल्या पेट्रोल-डिझेल मोटारीस 18 टक्के व बाहेरचीस 40 टक्के असा दर लागू झाला. परिणाम काय झाला? ज्यांची लांबी 3995 मिलिमीटर आहे अशा मोटारींची रीघ लागली. पाच मिलिमीटर राखून नियमाचे अक्षर पाळावयाचे, आणि रुंदी, उंची, दर्शनी भागाचा दांडगा थाट यांत मन मानेल तसे वाढावयाचे, हा शिरस्ता पडला.

हे वाचून बाराव्या शतकातील आचार्य हेमचंद्रांना नवल वाटले नसते. पाटणच्या कुमारपाल राजाच्या या गुरूने आपल्या ‘योगशास्त्रा’त परिग्रहपरिमाणाचे व्रत घेतलेला गृहस्थ कोणकोणत्या पळवाटा काढतो याची गणती केली आहे. शेतांचा आकडा ठरलेला असतो म्हणून दोन शेतांमधला बांध मोडून त्यांचे एकच शेत करावयाचे. भांड्यांची संख्या वाढू नये म्हणून लहान भांड्यांची मोठी करावयाची. गुरे मोजताना गाभण गाय एकच धरावयाची. व्रताची मुदत संपेपर्यंत धान्य विकणाऱ्याच्याच घरी बांधून ठेवावयास सांगावयाचे. व्रताचा भंग तर झाला नाही, पण व्रत उरलेही नाही. मनुष्यस्वभावाचे इतके निर्दय आणि इतके विनोदी ज्ञान मला दुसऱ्या फारच थोड्या धर्मग्रंथांत आढळले आहे. 3995 मिलिमीटरची मोटार ही त्या यादीतली गाभण गाय आहे.

म्हणून नुसता आकडा पुरत नाही, त्यामागचा उपयोग लिहावा लागतो. याबाबतीत श्रावकाची आणखी दोन व्रते फार कामाची आहेत. दिग्व्रतात गृहस्थ प्रत्येक दिशेला आपण कोठवर जाऊ याची जन्मभराची सीमा ठरवतो, आणि देशावकाशिक व्रतात तीच सीमा एखाद्या दिवसापुरती वा ठराविक मुदतीपुरती आणखी आवळून घेतो : आज या गावाबाहेर नाही, आज या आळीबाहेर नाही. जीवहिंसा कमी व्हावी हा त्यातला हेतू. परंतु मोटार घेणाऱ्याने हाच प्रयोग कागदावर करून पाहावा. गेल्या वर्षी आपण खरोखर कोठकोठे गेलो? घर, कचेरी, शाळा, मंडई, दवाखाना, आणि दोनतीनदा गाव. ज्या हिमालयाच्या वाटांसाठी चारही चाकांना गती देणारे यंत्र आपण मागतो, त्या वाटा बहुधा जाहिरातीतल्या असतात, आपल्या आयुष्यातल्या नसतात. अकारण हिंसेपासून निवृत्त होण्यास जैन परंपरेने अनर्थदंडविरती असे स्वतंत्र व्रत मानले आहे. दोन टनांचे धूड कोपऱ्यावरून कोथिंबीर आणावयास नेणे त्या सदरात पडावे असे माझे मत आहे.

यावर सुरक्षिततेचा आक्षेप येतो, आणि तो हलका नाही. आमच्या रस्त्यांवर ट्रक कसे चालतात ते पाहता बापाने मुलांभोवती अधिक पोलाद असावे असे इच्छिणे स्वाभाविक आहे. तथापि 2023 पासून आपल्याकडे भारत एनकॅपची अपघातचाचणी सुरू झाली असून गाडीचे तारांकन पाहून घेता येते, आणि थोराड गाडी म्हणजे सुरक्षित गाडी हे समीकरण त्याने आपोआप सिद्ध होत नाही. शिवाय सुरक्षित कोणाला? उंच, उभट नाकाची गाडी पादचाऱ्याला पायांवर नव्हे, छातीवर आघात करते. आपल्या मुलाच्या रक्षणाचा भार दुसऱ्याच्या मुलावर टाकणे हे अहिंसेच्या विचारात बसवता येत नाही.

पण सर्वांत मोठा घोटाळा ‘गरज कोणाची’ या प्रश्नाभोवती होतो. ‘आईसाठी मोठी गाडी घेतली’ असे म्हणणारा चिरंजीव मी पाहिला आहे, आणि त्या गाडीत चढताना दाराच्या वरच्या मुठीला लोंबकळणारी त्याची आईही पाहिली आहे. संधिवाताच्या माणसास हवे असते कमरेच्या उंचीचे आसन, ज्यावर चढावेही लागत नाही आणि धपकन खाली पडावेही लागत नाही. दार रुंद उघडावे, उंबरा कमी असावा. ज्या उभ्या बांध्याच्या छोट्या गाड्यांना विक्रेते ‘टॉल बॉय’ म्हणतात, त्यांत हे गुण लाखो रुपये कमी देऊन मिळतात. मग आईचे नाव कशाला घेतले? ‘तत्त्वार्थसूत्रा’चे कर्ते उमास्वाती यांनी परिग्रह वस्तूत नसून आसक्तीत असतो असा निर्वाळा दिला आहे, आणि आसक्तीला नेहमी दुसऱ्याच्या गरजेचा मुखवटा लागतो.

आनंद श्रावकाशी माझा मतभेद आहे तो येथे. त्याने परिमाण एकदा बांधले ते कायमचे. आजच्या घरात तसे केल्यास जुने परिमाण हेच एक ममत्व होऊन बसते : सासूबाईंना चाकाच्या खुर्चीवर न्यावे लागू लागले, तरी ‘आपली गाडी अजून उत्तम चालते’ म्हणून त्यांना घडी घालून खालच्या आसनात कोंबणारा काटकसरी गृहस्थ अपरिग्रही नव्हे, हट्टी आहे. उलट दर तीन वर्षांनी गाडी पालटणारा प्रत्येक वेळी नवी गरज शोधून काढतोच. या दोहोंत निवाडा करण्यास मला एक कसोटी उपयोगी वाटते. खऱ्या गरजेला माणसाचे नाव असते आणि तारीख असते. अमक्याचा गुडघा, तमकीचे बाळंतपण, जून महिन्यापासूनची शाळा. जिचे नाव सांगता येत नाही आणि जी ‘कधी लागलीच तर’ या शब्दांनी सुरू होते, ती हौस समजावी. हौसेला माझा विरोध नाही, पण ती हौस म्हणूनच जमाखर्चात लिहावी.

तेव्हा वाचकांना विनंती एवढीच की विसार देण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला गाडीच्या मागच्या आसनावर बसवून कोणाचा हात न धरता उतरू द्यावे. गतवर्षीच्या प्रवासांची यादी करावी. आणि माणसे किती, सामान किती, अंतर किती, रक्कम किती, हे परिमाण एका कागदावर लिहून त्यावर घरातील सर्वांच्या सह्या घ्याव्यात. कर्जाचा शेवटचा हप्ता ज्या महिन्यात फिटेल त्या महिन्यात तो कागद बाहेर काढून आकडे नव्याने लिहावेत, आणि ते पूर्वीपेक्षा लहान निघाले तर लहान गाडी घेण्यास लाजू नये.