आकाशातील केर कोणी काढावा?

युरोपीय अवकाश संस्थेने २००२ साली ‘एन्व्हिसॅट’ हा उपग्रह सोडला. समुद्र, हिम, वने आणि हवा यांचे निरीक्षण हे त्याचे कार्य. दहा वर्षे त्याने ते चोख बजावले. एप्रिल २०१२ मध्ये त्याचा संपर्क तुटला. तेव्हापासून आठ टनांचे हे निर्जीव धूड सुमारे ७७० किलोमीटर उंचीवरून पृथ्वीला प्रदक्षिणा घालीत आहे. पर्यावरणाची काळजी वाहणारी वस्तूच केर होऊन बसली! कोणी हात लावला नाही, तर आपल्या पणतवंडांच्या माथ्यावरही ती फिरतच राहील.

ती काढणे सोपे नव्हे. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने गरगरत जाणाऱ्या त्या धुडाला धरावयास मूठ नाही. त्याच वेगाने शेजारी पोहोचून, त्याचे गरगरणे थोपवून, मग त्याला वातावरणात लोटावयाचे. २०१८ मध्ये जाळे, २०१९ मध्ये भाला अवकाशात प्रयोगादाखल वापरून झाला. धक्का चुकला, तर मात्र एकाचे अनेक तुकडे. १० फेब्रुवारी २००९ रोजी एक चालू अमेरिकन व एक मृत रशियन उपग्रह आदळून दीड हजारांहून अधिक मोठे तुकडे विखुरले.

पण अडचण केवळ यंत्रांचीच आहे काय? १९६७ च्या अवकाश करारानुसार वस्तूवरील अधिकार ती सोडणाऱ्या राष्ट्राकडेच राहतो. शिवाय मृत उपग्रह ओढणारा हात उद्या जिवंत उपग्रहही ओढील, ही धास्ती आहेच. हक्क सांगावयास मालक आहे. झाडू घ्यावयास कोणी नाही.

पूर्वीच्यांच्या पसाऱ्याचा खर्च आपण का सोसावा, असे कोणी विचारील. आम्हांस वाटते, वडिलोपार्जित शेत घेणाऱ्याने त्यावरील कर्ज नाकारणे न्यायाचे नाही. वादळाची सूचना मिळून कोळीबांधव किनाऱ्यास परततात, ती उपग्रहांमुळेच. २७ मार्च २०१९ रोजी भारतानेही स्वतःचा एक उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला. कक्षा खालची असल्याने बहुतेक तुकडे लवकर जळाले, तरी काही वर उडालेच. तेव्हा बोट दाखविण्यास आपणही मोकळे नाही.

दोष कोणाचा, हा प्रश्न मागे पाहतो. कर्तव्य कोणाचे, हा पुढे. पहिल्याचे उत्तर मिळेपर्यंत दुसरे थांबवून ठेवता येत नाही. ज्याने लाभ घेतला, त्याने आपल्या वाट्याचा केर उचलावा. आणि नवे काही वर धाडण्यापूर्वी ते खाली कसे आणणार, हे आधी सांगावे.