हौस आणि प्रमाद

चायनीज क्रेस्टेड हा टॉय गटातला कुत्रा, वजनाने जेमतेम चार-पाच किलोचा. डोक्यावर तुरा, शेपटीला झुपका, पावलांवर थोडे केस आणि बाकीचं अंग उघडं, हाताला ऊबदार लागणारं. उन्हात ते भाजतं, थंडीत कुडकुडतं, पाठीवर मुरमं धरतं. जबडा उघडून पाहिला तर बऱ्याचदा सुळे पुढे कललेले आणि काही दाढांच्या जागा रिकाम्या दिसतात. केस आणि दात यांची घडण गर्भाच्या एकाच थरातून सुरू होते, त्यामुळे एकात उणीव आली की दुसऱ्यातही येऊ शकते. अमेरिकन केनेल क्लबचे निकष तर बिनकेसांच्या क्रेस्टेडचे दात कमी असले तरी दोष धरू नये, असंच सांगतात. कुत्रा मात्र अतिशय लाघवी, माणसाला चिकटून राहणारा. त्याच्यावर कुणाचा जीव जडला तर नवल नाही. पण असं शरीर आपण जाणूनबुजून जन्माला घालत राहावं का, हा प्रश्न त्या प्रेमापेक्षा वेगळा आहे आणि प्रेमाने तो सुटत नाही.

हे उघडं अंग कशामुळे येतं, ते २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकातल्या संशोधनाने स्पष्ट केलं. फॉक्सआय-३ नावाच्या जनुकातला एक बदल आई किंवा बापाकडून आला, तर पिल्लू बिनकेसांचं होतं. दोघांकडून आला, तर गर्भ जगतच नाही. म्हणजे दोन बिनकेसांच्या कुत्र्यांची जोडी लावली की सरासरी चारांतला एक गर्भ पोटातच संपतो. जन्माला येणाऱ्यांत साधारण तिनांतलं एक पिल्लू अंगभर मऊ केसांचं असतं. त्याला पावडरपफ म्हणतात. बिनकेसांच्या कुत्र्याची जोडी पावडरपफशी लावली, तर या कारणाने एकही गर्भ दगावत नाही. वंश तोच, स्वभाव तोच, आणि केसाळ भावंडं त्याच वेतात. तेव्हा जात नामशेष होईल ही भीती इथे लागूच पडत नाही. पणाला लागलेली असते ती फक्त उघड्या कातडीची हौस.

हिंसेचा सर्वांत बारकाईने विचार जैन परंपरेने केला आहे, म्हणून तिचा आधार घेतो. गृहस्थाच्या हिंसेचे तिथे चार प्रकार मानतात: संकल्पी, आरंभी, उद्योगी आणि विरोधी. ब्रीडरला गर्भ मारायचा नसतो, त्यामुळे याला संकल्पी, म्हणजे ठरवून केलेली, हिंसा म्हणणं अन्यायाचं ठरेल. पण उमास्वातींच्या 'तत्त्वार्थसूत्रा'त हिंसेची व्याख्याच प्रमादावर उभी आहे. बेफिकिरीने, आसक्तीच्या भरात प्राणांना पोचवलेली इजा म्हणजे हिंसा. अमृतचंद्राचार्य 'पुरुषार्थसिद्ध्युपाया'त आणखी पुढे जातात: जीव मरो वा न मरो, प्रमादाने वागणाऱ्याच्या हातून हिंसा घडलेलीच असते. परिणाम ठाऊक असताना, निरुपद्रवी वाट समोर मोकळी असताना, केवळ रूपासाठी दोन बिनकेसांचे कुत्रे एकत्र आणणं हा मला उघड प्रमाद वाटतो.

यावरचा सर्वांत अवघड आक्षेप डेरेक पारफिट या तत्त्वज्ञाने १९८४ च्या 'रीझन्स अँड पर्सन्स'मध्ये मांडलेल्या कोड्यातून निघतो. ती जोडी लावली नसती तर हे पिल्लू जन्मलंच नसतं. मग त्याचं नुकसान कसलं? आयुष्य तर त्याला हवंच आहे. हे म्हणणं खोडून काढणं सोपं नाही, आणि नुकसानीचा हिशेब पिल्लाच्या बाजूने मांडायचा तर मलाही ते जमणार नाही. पण प्रमाद मोजायचा तो कर्त्याच्या ठायी. पिल्लाच्या दोन आयुष्यांची तुलना त्यासाठी लागत नाही. शिवाय जो अजून जन्मलाच नाही, त्याचा जन्मावर हक्क नसतो. न जन्मलेल्या क्रेस्टेडवर कुणी अन्याय केला, असं म्हणताच येत नाही.

कोवळ्या गर्भाला वेदना होत नाहीत, असंही म्हणतील. मान्य केलं तरी जगलेल्या पिल्लाचे दात आणि कातडी उरतातच. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्यातलं ११ ब हे कलम नेमकं तिथे बोट ठेवतं: संततीला वेदना, त्रास किंवा शारीरिक हानी होईल अशी अपेक्षा असेल, तर तसं प्रजनन करू नये.

परंपरेचा दाखलाही दिला जातो, आणि तो मला आदरणीय वाटतो. मेक्सिकोतला शोलोइट्झक्विंटली हा बिनकेसांचा कुत्रा याच जनुकबदलाचा. मृतात्म्याला मिक्टलान या परलोकी नेणारा सोबती म्हणून त्याला मान होता, आणि तिथल्याच कोलिमाच्या प्राचीन थडग्यांत मातीची कुत्री सापडतात. पण तो बदल मुळात निसर्गात घडला, कुणी मागवून घेतला नव्हता. आजची प्रत्येक जोडी मात्र कुणीतरी ठरवून लावतो, आणि ठरवणाऱ्यावर जबाबदारी येते.

जो जन्मला आहे त्याला सावली, स्वेटर, दातांची निगा आणि भरपूर माया द्यावी. त्यात काटकसर नको. क्रेस्टेड पाळायचाच असेल तर बेघर झालेला घ्या किंवा पावडरपफ मागा, आणि आई-बाप दोघेही बिनकेसांचे असतील तर त्या वेतातलं पिल्लू आगाऊ पैसे भरून बुक करू नका.