मंचक आणि पायरी

तुळजापूरची भवानी वर्षातून तीन वेळा सिंहासन सोडून मंचकावर निजते: नवरात्रापूर्वी घोरनिद्रा, दसऱ्यानंतर श्रमनिद्रा आणि पौषात, शाकंभरी नवरात्राच्या आधी, मोहनिद्रा. जगन्मातेलाही मोहाची निद्रा येते आणि ती आली असता जाब न विचारता गादी अंथरावी, हे ज्या परंपरेला उमगले, तिच्याच महाद्वारापासून थोड्या अंतरावर एक पस्तिशीचा माणूस पायरीवर गोणपाट टाकून पडलेला मी पाहिला. टाचांना भेगा, मुठीत चिलीम, आणि चोरीला जाऊ नयेत म्हणून चपला उशाशी घेतलेल्या. 'गर्दुल्ला आहे' म्हणून लोक पुढे सरकत होते. त्या एका शब्दात तपास, सुनावणी आणि निकाल असे सारेच उरकले होते.

व्यसनापायी घर गेले की घर गेल्यामुळे व्यसन जडले, हा प्रश्न आपण कार्यकारणाचा म्हणून विचारतो, परंतु मनात हिशेब असतो तो दोष कोणाच्या पदरी घालावा याचा. २०२५ च्या फेब्रुवारीत तुळजापूर तालुक्यातील तामलवाडी पोलिसांनी मेफेड्रोन हा अमली पदार्थ पकडला आणि पुढे आरोपींच्या यादीत पुजारी घराण्यांतील नावेही आली, तेव्हा हे विष केवळ उघड्यावरच्यांचे नव्हे, एवढे तरी गावाला कळले. घर असलेल्याचा मोह आई झाकते, भाऊ त्याला जामीन राहतो. बेघराची नशा मात्र भर रस्त्यात होते, आणि थंडी, भूक व पहाटेच्या दांडक्याची धास्ती विसरून चार तास डोळा लागावा, म्हणूनही ती केली जाते.

१९५९ चा भिक्षा-प्रतिबंधक कायदा अशा माणसाने हात पसरताच त्याला अटकेस पात्र ठरवतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातील ६४-अ कलम स्वेच्छेने उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला, जवळचा माल अल्प असल्यास, खटल्यातून सूट देते खरे. पण उपचाराच्या दारात बहुधा नातलगाची सही मागतात, आणि सही करणारे माणूसच ज्याला उरले नाही, तो हक्कदार असूनही बाहेर राहतो.

'ज्याचे त्याचे प्रारब्ध' हे उत्तर मला अधार्मिक वाटते. कर्मसिद्धान्त स्वतःच्या आचरणाचा झाडा घेण्यासाठी आहे, दुसऱ्याच्या दैन्यावर शिक्कामोर्तब करण्यासाठी नव्हे. देवीच्या आख्यायिकेतल्या अनुभूतीने हाक मारली तेव्हा देवी त्वरेने धावली, म्हणून ती त्वरिता, आणि पुढे तुळजा. अनुभूती तपस्विनी होती, असे कोणी म्हणेल; पण देवीच्या नावात स्मरण उरले आहे ते धावण्याचे, पारखण्याचे नव्हे.

तुळजापुरात यात्रेकरूंसाठी धर्मशाळा आहेत, भक्तनिवास आहेत. येत्या पौषात देवीचा मंचक सजेल, तेव्हा त्यांतील एक खोली, व्यसन सुटल्याची अट न घालता, पायरीवरच्या माणसासाठी उघडावी, एवढी विनंती मी देवस्थानच्या विश्वस्तांना आणि पुजारी मंडळींना हात जोडून करतो.