साक्षात्कार आणि साक्ष

लॉर्ड हर्बर्ट ऑफ चेर्बरी हा इंग्लंडचा फ्रान्समधला राजदूत. पॅरिसमध्ये असताना त्यानं ‘दे व्हेरिताते’, म्हणजे ‘सत्याविषयी’, हा लॅटिन ग्रंथ पुरा केला. पण तो छापायचा धीर होईना. आत्मचरित्रात तो सांगतो, की उन्हाळ्यातल्या एका लख्ख दिवशी, दक्षिणेची खिडकी उघडी असताना, तो ग्रंथ हातात घेऊन गुडघे टेकून बसला आणि देवाकडे त्यानं खूण मागितली. आभाळ निरभ्र होतं, वारा पडलेला होता. तरी वरून एक मंद आवाज आला, पृथ्वीवरच्या कुठल्याही आवाजासारखा नसलेला. त्यानं कौल मानला. १६२४ साली ग्रंथ छापून निघाला.

आता त्या ग्रंथात काय आहे ते पाहावं. हर्बर्ट म्हणतो, साक्षात्कार ज्याला होतो त्याच्यापुरता तो साक्षात्कार. दुसऱ्याच्या तोंडून आपल्यापर्यंत पोचतो तेव्हा त्याची परंपरा झालेली असते, इतिहास झालेला असतो. आणि इतिहासावर जितका विश्वास टाकता येतो तितकाच त्याच्यावर टाकावा. स्वतः आकाशवाणी ऐकणाऱ्यानं असं लिहावं, ही विसंगती अनेकांना खटकली आहे. मला तिच्यात प्रामाणिकपणा दिसतो. मला आवाज ऐकू आला म्हणून माझं म्हणणं माना, असं त्यानं ग्रंथात कुठंही सुचवलं नाही. ती हकीकत त्यानं आत्मचरित्रात ठेवली, आणि ते छापलं गेलं १७६४ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर शंभरहून अधिक वर्षांनी.

युरोपात तेव्हा तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं होतं. कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट एकाच बायबलचे दाखले देत एकमेकांची गावं जाळत होते. सगळ्यांना मान्य होईल असं काही शिल्लक राहतं का, याचा शोध हर्बर्ट घेत होता. त्यानं पाच गोष्टी काढल्या : ईश्वर आहे, त्याची उपासना करावी, सदाचरण हाच उपासनेचा गाभा, पापाचा पश्चात्ताप व्हायला हवा, आणि बऱ्यावाईट कर्मांचं फळ मिळतं. कुठलाही प्रेषित, ग्रंथ किंवा पुरोहित न मानता माणसाला स्वतःच्या बुद्धीनं एवढ्यापर्यंत येता येतं. पुढं या भूमिकेला डीइझम म्हणू लागले.

साक्षात्कारावरच्या या वादाची गोष्ट बहुधा आस्तिक विरुद्ध नास्तिक, धर्म विरुद्ध विज्ञान अशी सांगितली जाते. तिच्यात मूळ प्रश्न हरवतो. सतराव्या-अठराव्या शतकात भांडणारे बहुतेक सगळे ईश्वर मानणारेच होते. त्यांचा प्रश्न असा होता : देव कुणा एकाशी बोलला असेल, तर ज्यांच्याशी तो बोलला नाही त्यांनी कुणाच्या शब्दावर विसंबायचं? हा प्रश्न साक्षीपुराव्याचा होता, आणि त्या वादाची सगळी वळणं मला त्याच्यातूनच उलगडत जाताना दिसतात.

जॉन लॉकनं १६८९च्या अखेरीस निघालेल्या आपल्या ग्रंथात हा प्रश्न काटेकोरपणे मांडला. देवानं सांगितलेलं खरंच असणार, यात त्याला शंका नव्हती. पण अमुक वचन देवाचंच आहे का आणि त्याचा अर्थ हाच का, हे ठरवायचं काम बुद्धीचं. शिवाय पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित झालेल्या वचनाची खात्री स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीइतकी कधीच होऊ शकत नाही. लॉक अखेरपर्यंत ख्रिस्ती राहिला. त्याचं तर्कशास्त्र उचललं जॉन टोलंडनं. आयर्लंडमधल्या डोनेगलचा, कॅथलिक घरात वाढलेला हा तरुण १६९६ सालच्या आपल्या पुस्तकात म्हणाला, की ख्रिस्ती धर्मात बुद्धीच्या विरुद्ध काही नाही आणि बुद्धीच्या पलीकडचंही काही नाही. गूढ म्हणून जे दाखवलं जातं ती पुरोहितांची भर आहे. पुढच्या वर्षी आयरिश पार्लमेंटनं ते पुस्तक फाशीगाराच्या हातून जाळायचा हुकूम दिला. टोलंड आधीच निसटला होता.

टॉमस एकेनहेड निसटू शकला नाही. एडिंबरा विद्यापीठातला हा वीस वर्षांचा विद्यार्थी, आईबाप नसलेला. त्यानं पुस्तक लिहिलं नव्हतं, पत्रकही काढलं नव्हतं. मित्रांशी गप्पा मारताना तो बोलला होता, इतकंच. धर्मशास्त्र ही रचलेली बाष्कळ बडबड आहे, जुना करार म्हणजे एज्राच्या कहाण्या आहेत, असं काहीबाही. एका गारठलेल्या रात्री चर्चवरून जाताना, ऊब घ्यायला त्या नरकात गेलो तर बरं होईल, असंही तो म्हणाल्याचा आरोप होता. साक्ष दिली त्याच्या सहाध्यायांनी. १६९६च्या डिसेंबरात खटला चालला. त्यानं माफी मागितली, वयाकडे पाहण्याची विनवणी केली. त्याच दिवसांत एडिंबरात चर्चची महासभा भरली होती. तिनं राजाकडे ईश्वरनिंदेचे कायदे कडकपणे राबवण्याची मागणी केली. ८ जानेवारी १६९७ रोजी त्याला फाशी दिलं गेलं. ईश्वरनिंदेसाठी ब्रिटनमध्ये दिली गेलेली ही शेवटची फाशी. शेवटच्या दिवशी त्यानं लिहून ठेवलेला कागद उपलब्ध आहे. आपण लहानपणापासून श्रद्धेला भक्कम आधार शोधत होतो, असं तो त्यात सांगतो. तो कागद पंडिताचा वाटत नाही. प्रश्न पडलेल्या एका मुलाचा वाटतो, आणि म्हणूनच तो वाचवत नाही.

लॉकनं या खटल्याची कागदपत्रं मिळवून जपून ठेवली. पण सहिष्णुतेवरच्या आपल्या १६८९ सालच्या पत्रात त्यानंच नास्तिकांना वगळलं होतं. देव न मानणाऱ्याला शपथ बांधून ठेवू शकत नाही, आणि शपथ, वचन, करार यांवर तर समाज उभा, असं त्याचं कारण. सात वर्षं आधी, १६८२ मध्ये, पिएर बेल या फ्रेंच प्रॉटेस्टंटानं धूमकेतूवरच्या पुस्तकात याच्या उलट म्हटलं होतं : माणसं आपल्या मतांप्रमाणे वागतातच असं नाही, आणि नास्तिकांचा समाजही सचोटीनं नांदू शकेल. लॉकसारखा माणूस इथं बेलच्या मागं राहिला, याचं मला वाईट वाटतं. तो शपथेचा मुद्दा पुढं दोनशे वर्षं जिवंत राहिला.

धर्माच्या पाठीराख्यांनी बुद्धीचा धसका घेतला असं मुळीच नाही. रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं मृत्युपत्रात वर्षाला पन्नास पौंड ठेवले ते नास्तिकतेचं खंडन करणाऱ्या व्याख्यानांसाठी. १६९२ मध्ये रिचर्ड बेंटलीनं पहिली माला गुंफली; तिच्यात न्यूटनचं नवं विश्व देवाच्या बाजूनं उभं केलं होतं. बायबलच्या बाजूनं दोन पुरावे मांडले जात, भाकितं आणि चमत्कार. १७२४ मध्ये अँथनी कॉलिन्सनं भाकितांना हात घातला : जुन्या करारातली वचनं येशूला शब्दशः लागू पडत नाहीत, रूपक मानलं तरच लागतात. उत्तरादाखल डझनावारी पुस्तकं निघाली. मग १७२७ ते १७२९ या काळात टॉमस वुल्स्टननं चमत्कारांवर सहा निबंध लिहिले आणि पुनरुत्थानाच्या कथेलाही सोडलं नाही.

त्यानंतर जे घडलं ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत बोलकं वाटतं. १७२९ मध्ये वुल्स्टनवर लंडनमध्ये खटला भरून त्याला एक वर्षाची कैद आणि शंभर पौंड दंड झाला. चांगल्या वर्तणुकीचा जामीन त्याला देता आला नाही, आणि १७३३ मध्ये तो बंदिवासातच वारला. त्याच १७२९ साली बिशप टॉमस शेरलॉकनं वुल्स्टनला उत्तर म्हणून एक पुस्तक काढलं. त्यात काही वकील मंडळी लुटुपुटूचं न्यायालय भरवतात. आरोपी आहेत येशूचे शिष्य. आरोप, पुनरुत्थानाबद्दल खोटी साक्ष दिल्याचा. दोन्ही बाजूंचे युक्तिवाद होतात आणि ज्यूरी शिष्यांना निर्दोष ठरवते. पुस्तक तुफान खपलं. कागदावरच्या न्यायालयात फिर्यादीच्या वकिलाला वाटेल ते विचारायची मुभा होती. खऱ्या न्यायालयात तेच विचारणारा गजाआड होता. शेरलॉकला उत्तर देणारा पीटर ॲनेट हा शाळामास्तर १७६२ मध्ये असाच सापडला. सत्तरीच्या उंबरठ्यावर त्याला चव्हाट्यावर खोड्यात उभं केलं गेलं आणि वर्षभर सक्तमजुरी झाली.

या दडपशाहीपेक्षाही शेरलॉकची पद्धत धर्माला महागात पडली, असं माझं मत आहे. पुनरुत्थान साक्षीपुराव्यानं सिद्ध होतं म्हटलं, की ते पुराव्याच्या नियमांखाली आलं. पुरावा कमीजास्त असतो, पारडं इकडंतिकडं झुकतं. ज्या श्रद्धेवर जीव ओवाळायचा ती संभाव्यतेची बाब झाली. आणि तराजू एकदा टेबलावर आला, की तो कुणीही हाती घेऊ शकतो.

डेव्हिड ह्यूमनं तो घेतला. फ्रान्समधल्या ला फ्लेश इथं, देकार्त जिथं शिकला त्या जेझुइट कॉलेजच्या ओवऱ्यांत फिरताना एक पाद्री त्याला मठातल्या चमत्काराची हकीकत सांगत होता, आणि ह्यूमला युक्तिवाद सुचला. १७३९ सालच्या आपल्या पहिल्या ग्रंथात त्यानं तो घातला नाही. जोसेफ बटलर या धर्मपंडिताला ग्रंथ दाखवायचा होता आणि त्याला दुखवायचं नव्हतं. १७४८ मध्ये मात्र निबंध छापून आला. सुरुवातीलाच त्यानं आर्चबिशप टिलटसनचा आधार घेतला : प्रसादाच्या भाकरीचं ख्रिस्ताचं शरीर होतं या कॅथलिक सिद्धान्ताविरुद्ध टिलटसननं म्हटलं होतं, की परंपरेनं आलेली साक्ष आपल्या इंद्रियांच्या साक्षीपेक्षा दुबळी असते. प्रॉटेस्टंटांनी शेजाऱ्याविरुद्ध परजलेलं हे शस्त्र ह्यूमनं सगळ्यांवरच रोखलं. साक्ष खोटी असणं हाच अधिक मोठा चमत्कार ठरेल, अशी साक्ष असेल तरच चमत्कार माना.

पण डीइस्टांचा खरा जोर पुराव्याच्या किसात नव्हता. तो न्यायबुद्धीत होता. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजचा वृद्ध फेलो मॅथ्यू टिंडल यानं १७३० मध्ये विचारलं : देव सगळ्यांचा बाप असेल, तर मुक्तीला लागणारं ज्ञान त्यानं एका कोपऱ्यातल्या एका जमातीला, तेही इतक्या उशिरा, का द्यावं? ज्यांच्या कानावर ते नाव कधी गेलंच नाही त्यांचा काय दोष? खरा धर्म सृष्टीइतकाच जुना आणि प्रत्येकाच्या आवाक्यातला असला पाहिजे. हा प्रश्न मला आजही हलवतो, कारण त्यात परक्या माणसाबद्दलची कळकळ आहे.

बटलरचं उत्तर १७३६ मध्ये आलं, आणि इतकं खोल उत्तर त्या शतकात दुसऱ्या कुणी दिलं असं मला वाटत नाही. तुम्ही म्हणता, खरा देव असा पक्षपाती आणि अस्पष्ट असणार नाही. पण ज्या निसर्गाला तुम्ही देवाची कृती मानता, तिथं काय दिसतं? असंख्य बियांतली एखादीच रुजते. बुद्धी, आरोग्य, संधी यांची वाटणी कुठं समान आहे? धर्मग्रंथात ज्या अडचणी आहेत त्याच सृष्टीत आहेत. मग दोहोंचा कर्ता एकच मानायला हरकत काय? डीइस्टांना याचं नीट उत्तर कधीच देता आलं नाही. मात्र हा युक्तिवाद दुधारी होता. जॉन स्टुअर्ट मिल आत्मचरित्रात सांगतो, की त्याच्या वडिलांना, जेम्स मिलना, बटलरच्या ग्रंथानं बराच काळ ख्रिस्ती श्रद्धेत टिकवलं. डीइझमवरचे आक्षेप ख्रिस्ती धर्मावरच्या आक्षेपांइतकेच भारी आहेत हे त्यांना पटलं होतं. मग मधे थांबायला जागाच उरली नाही, आणि ते दोन्ही सोडून निघाले. नास्तिकतेची एक वाट अशी बिशप बटलरच्या दारातून गेली.

फ्रान्समध्ये वाट वेगळी होती. आर्देन भागातल्या एत्रेपिन्यीचा पाद्री झाँ मेलिए चाळीस वर्षं प्रार्थना चालवत राहिला आणि १७२९ मध्ये वारला. मागं त्याचं लांबलचक हस्तलिखित निघालं : देव नाही, आणि धर्म ही गरिबांना दाबून ठेवण्याची तजवीज आहे. १७६२ मध्ये व्हॉल्तेअरनं त्यातला सारांश छापला. पण नास्तिकता गाळून, मेलिएला आपल्यासारखा डीइस्ट करून. मेलेल्या माणसाच्या साक्षीत केलेली ही ढवळाढवळ मला क्षम्य वाटत नाही. संपूर्ण मजकूर छापून यायला १८६४ साल उजाडलं.

अखेर टॉमस पेननं हर्बर्टचाच मुद्दा बाजारात आणला. १७९३च्या डिसेंबरात पॅरिसमध्ये अटक होऊन तुरुंगाकडे जाताना त्यानं ‘द एज ऑफ रीझन’चं हस्तलिखित मित्राच्या हवाली केलं. साक्षात्कार पहिल्या माणसापुरता. दुसऱ्यापासून पुढं ती ऐकीव गोष्ट. राजदूतानं लॅटिनमध्ये म्हटलं ते आता कारागिरांच्या भाषेत, स्वस्त आवृत्तीत आलं. पेनचंच ‘राइट्स ऑफ मॅन’ पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांच्या हाती पडलं, हे आपण जाणतो. फुल्यांच्या मृत्यूनंतर १८९१ मध्ये निघालेल्या ‘सार्वजनिक सत्यधर्म’ पुस्तकातला निर्मिकही कुठल्या एका ग्रंथात मावत नाही. प्रत्येक धर्मपुस्तकात त्या-त्या काळच्या समजुतीनुसार काही सत्य आहे, असं ते म्हणतात. पण फुल्यांच्या प्रश्नामागं जातीच्या उतरंडीचा अनुभव आहे, आणि तो त्यांना कुणा इंग्रजानं दिलेला नाही.

१७९७ मध्ये पेनचं ‘द एज ऑफ रीझन’ विकल्याबद्दल टॉमस विल्यम्स या पुस्तकविक्रेत्यावर खटला झाला. फिर्यादी पक्षाची बाजू मांडायला उभा राहिला टॉमस अर्स्किन, पाच वर्षांपूर्वी ‘राइट्स ऑफ मॅन’च्या खटल्यात पेनचा बचाव करणारा वकील. त्यानं ज्यूरीला सांगितलं, की राजापासून कनिष्ठ अधिकाऱ्यापर्यंत सगळी न्यायव्यवस्था देवाच्या नावानं घेतलेल्या शपथेवर उभी आहे. म्हणजे साक्षात्कार साक्षीवर तोलायचा, आणि साक्ष उभी राहणार साक्षात्कारावर. विल्यम्सला सक्तमजुरी झाली. देव न मानणाऱ्या माणसाला इंग्लंडच्या न्यायालयात शपथेऐवजी प्रतिज्ञेवर साक्ष देता आली ती १८६९च्या कायद्यानंतर. भारतात १८७३च्या शपथ कायद्यानं शपथेला हरकत असणाऱ्या साक्षीदाराला तीच सोय दिली. पार्लमेंटमध्ये मात्र १८८० साली निवडून आलेल्या नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉला बसू दिलं नाही. त्याचे मतदार त्याला पुन्हापुन्हा निवडून देत राहिले. १८८६ मध्ये त्याला जागा मिळाली, १८८८ मध्ये त्यानं प्रतिज्ञेचा हक्क सर्वांसाठी कायद्यात आणला, आणि पुढच्या वर्षी डिसेंबरात तो काँग्रेसच्या मुंबई अधिवेशनाला हजर होता.