सणाची न्याहारी आणि दाराची कडी

सण सर्वांचा असतो असे आपण सहज म्हणतो. परंतु सणाच्या पंक्तीस सर्वजण सारख्याच ताठ मानेने बसतात काय, हे आपण क्वचितच विचारतो. एखाद्या मंडळीने सामुदायिक भोजन करावयाचे ठरविले म्हणजे तांदूळ किती, पैसे किती व माणसे किती, याचा हिशेब आधी होतो. तो आवश्यकच आहे. तथापि त्याहून मोठा प्रश्न असा की, ज्याला वर्गणी देता आली नाही त्याने त्या दारातून आत कसे यावे? यहूदी लोकांनी या प्रश्नाचा विचार फार प्राचीन काळापासून केला आहे. म्हणून त्यांच्या सभास्थानात सणाच्या सकाळी जी न्याहारी होते तिच्याकडे आम्ही आज वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो.

हे लोक आपणांस परके नव्हेत. कोकणातील बेने इस्राएल पिढ्यानपिढ्या मराठी बोलत आले. ते तेल गाळीत व शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून गावकरी त्यांस शनवार तेली म्हणत. सामाजी हसाजी दिवेकर यांनी १७९६ साली मुंबईस त्यांचे पहिले सभास्थान बांधिले. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएल देशी गेली. तरी मुंबई, ठाणे, पुणे व रायगड या बाजूस थोडी मंडळी व त्यांची सभास्थाने अद्याप आहेत.

त्यांच्या सणांपैकी मांडवांचा सण आपण घेऊ. तिश्री महिन्याच्या १५ व्या दिवशी, म्हणजे सप्टेंबर किंवा ऑक्टोबरात, तो सुरू होतो. अरण्यातील प्रवासात पूर्वज मांडवात राहिले, त्याची ही आठवण होय. मांडव झावळ्यांनी अथवा तोडलेल्या फांद्यांनी शाकारितात, आणि आत उन्हापेक्षा सावली अधिक असावी असा नियम आहे. सणातील जेवण मांडवातच करावयाचे असते. परंतु शहरातील चाळीत राहणाऱ्याने मांडव घालावा कोठे? त्याच्यासाठी सभास्थानाच्या अंगणात एक मोठा मांडव उभा राहतो. सकाळची प्रार्थना आटोपली की मंडळी तेथे जमते. द्राक्षारसावर आशीर्वाद म्हणतात. आपल्या देशात काळ्या मनुका भिजवून केलेले सरबत त्या कामी चालत आले आहे. मग हात धुऊन दोन भाकरींवर उपकारस्तुती होते, अन्न वाढले जाते आणि शेवटी पुन्हा देवाचे आभार मानितात.

आता या न्याहारीच्या व्यवस्थेकडे पाहावे. सणाच्या पवित्र दिवशी यहूदी मनुष्य पैशास शिवत नाही व लेखणीही हाती धरीत नाही. तेव्हा दाराशी पेटी ठेवून वर्गणी घेता येत नाही, आणि कोणाचे किती आले हे वहीत टिपताही येत नाही. जे जमवावयाचे ते आधीच जमवावे लागते. याचा परिणाम असा की, ज्याने शंभर रुपये दिले तो आणि ज्याने काहीच दिले नाही तो, असे दोघेही त्या सकाळी रिकाम्या हाताने एकाच दारातून आत येतात. हा नियम काम बंद ठेवण्यासाठी झाला असेल. परंतु त्याच्या आडोशास गरिबाची अब्रूही राखली जाते.

स्वयंपाकाचेही तसेच आहे. मांस व दूध एकत्र शिजवू नये, भांडी वेगळी ठेवावी, असे त्यांचे नियम कडक आहेत. प्रत्येक घराने आपापला पदार्थ आणावयाचा म्हटले तर कोणाच्या घरी नियम नीट पाळतात, कोणाच्या घरी नाही, याची चौकशी सुरू होणार. शिवाय एकीचा डबा तुपाने भरलेला व दुसरीचा नुसता उसळीचा, हेही दिसणार. सभास्थानाच्या एकाच चुलीवर सर्वांचे शिजले म्हणजे कोणाच्याही घराची झडती होत नाही.

हा विचार जुन्या शास्त्र्यांनाही सुचला होता. तालमूद ग्रंथात असे आहे की, पूर्वी शोकाच्या घरी अन्न नेताना श्रीमंतांकडे सोन्यारुप्याच्या परड्या जात व गरिबांकडे वाळुंजाच्या सोललेल्या काड्यांच्या. गरीब लाजू लागले. तेव्हा सर्वांकडे काड्यांच्याच परड्या न्याव्या असे ठरले. ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. गरिबास रुप्याची परडी देणे शक्य नव्हते, परंतु श्रीमंताने काडीची परडी घेणे शक्य होते. आणि तोच मार्ग त्यांनी धरिला.

येथे कोणी विचारील की, गरिबास दान दिले म्हणजे पुरे नव्हे काय? त्यास पंक्तीस बसविण्याचा आग्रह का? बेने इस्राएल लोकांत मोठ्या उपासानंतरच्या दिवसास शिळा सण म्हणत व त्या दिवशी दानधर्म करीत. मांडवांचा सण येतो त्यानंतर चारच दिवसांनी. म्हणजे दान तर होऊनच गेले. तरीही अनुवाद १६ व्या अध्यायात याच सणाविषयी आज्ञा आहे की, आनंद करताना मुलाबाळांबरोबर दासदासी, लेवी, परका, पोरका व विधवा यांसही सामील करून घ्यावे. १२०४ साली मरण पावलेला यहूदी पंडित मोशे बेन मैमोन याने तर असा निर्णय दिला की, दाराला कडी घालून केवळ बायकोमुलांसह सणाचे जेवण करणाऱ्याचा आनंद धर्माचा नसून पोटाचा आहे. दानाने मनुष्याची भूक भागते. पण त्याचे येथे कोणी आहे, हे त्याला पंक्तीतच कळते.

दुसरी शंका अधिक अवघड आहे. देणाऱ्याचे नाव पुकारले नाही तर वर्गणी जमणार कशी? आपल्या वडिलांच्या स्मरणार्थ कोणी न्याहारी दिली, तर ते सांगण्यात पाप कसले? आम्ही त्यास पाप म्हणत नाही. कृतज्ञता हाही सद्गुण आहे. परंतु देणाऱ्याचे नाव घेताना न देणाऱ्याचे नाव आपोआप उघडे पडत असेल, तर ते नाव दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या ठिकाणी घ्यावे. पंक्तीत घेऊ नये.

तिसरी गोष्ट आपण सहसा विसरतो. नेहमी घेणाऱ्याचेही मन खचते. म्हणून यहूदी शास्त्र सांगते की, दानावर जगणाऱ्यानेही आपल्या परीने दान करावे. ज्याच्यापाशी पैसा नाही त्याने झावळ्या आणाव्या, मनुका भिजवाव्या, पाणी भरावे. मात्र येथे एक धोका आहे. श्रीमंतांनी पैसे द्यावे व गरिबांनी उष्टी काढावी, अशी वाटणी झाली तर मांडवात पुन्हा धनी व चाकरच बसतील. यास्तव केर काढण्याची पाळी वर्गणीदाराचीही असावी.

एवढे नियम असले म्हणजे सर्व सुरळीत झाले असे मात्र नाही. बेने इस्राएल लोकांतच एके काळी गोरे इस्राएल व काळे इस्राएल असा भेद होता आणि गोरे हे काळ्यांशी रोटीबेटीव्यवहार करीत नसत. शास्त्र तेच, देव तोच, शब्बाथ तोच. परंतु ताट निराळे! पुढे हा भेद ओसरला. नियम दाराची कडी काढू शकतो. मनाची कडी ज्याची त्यानेच काढावी लागते.

आणि हे वाचून आपण यहूद्यांकडे बोट दाखवू नये. करिंथ येथील मंडळीत प्रभूभोजनासाठी जमल्यावर एक पोटभर जेवी व दुसरा उपाशी राही. यासाठी पौलाने त्यांस कडक शब्दांत लिहिले. आपल्या खेड्यांतील मंडळ्यांतही सणाचे भोजन ठरते, तेव्हा पंचांनी व उपदेशकांनी तांदूळ मोजण्यापूर्वी एवढे विचारावे: वर्गणी कोठे व कोणासमक्ष घ्यावयाची? स्वयंपाक एका चुलीवर होणार काय? उष्टी कोण काढणार? आणि गावाच्या टोकास राहणारी जी विधवा काही देऊ शकत नाही, तिला बोलावण्यास कोण जाणार? ती नि:संकोच आत आली व आपल्या शेजारी बसली, तर पंक्तीत एखादा पदार्थ कमी पडला तरी सण उणा झाला असे आम्ही म्हणणार नाही.