बर्णबा कुप्राला गेला

आजचं वाचन : प्रेषितांची कृत्ये १५:३६–४१



आजचा उतारा फक्त सहा वचनांचा आहे. एरवी मी तो पटकन ओलांडून पुढे जातो, कारण पुढच्याच अध्यायात तीमथ्य भेटतो, लुदिया भेटते, तुरुंगाचे दरवाजे उघडतात. या वेळी मात्र इथेच अडकलो. कारण सांगतो.

प्रसंग तुम्हाला माहीत आहे. पौल आणि बर्णबा पुन्हा एकदा मंडळ्यांना भेटायला निघणार असतात. बर्णबाला मार्कला बरोबर घ्यायचंय. पौल म्हणतो, नाही, हा पोरगा मागच्या वेळी पंफुल्यात आपल्याला सोडून गेला होता. त्यावरून दोघांचं इतकं बिनसतं की ते वेगळेच होतात. लूकने इथे वापरलेला ग्रीक शब्द ‘पारोक्सिस्मॉस’ आहे. आजार अचानक उफाळून आला की डॉक्टर इंग्रजीत जो शब्द वापरतात, तो यातूनच आलाय. म्हणजे किरकोळ मतभेद नव्हता, चांगलाच भडका उडाला होता. आणि हा तोच बर्णबा, ज्याने यरुशलेमेत सगळे पौलाला घाबरत होते तेव्हा त्याचा हात धरून त्याला प्रेषितांपुढे नेलं होतं.

चूक कोणाची, हे लूक सांगत नाही. बर्णबा मार्कला घेऊन कुप्राला जातो, पौल सीलाला घेऊन सूरिया-किलिकियाकडे. झालं, विषय संपला.

आता माझं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीच्या आधी आमच्या मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज धुमश्चक्री चालायची. एका रात्री पाळकसाहेबांनी लिहिलं की ग्रुपवर कुठल्याही पक्षाचा प्रचार नको, आणि रविवारी आपण सगळ्याच उमेदवारांसाठी प्रार्थना करू. ते वाचून माझं डोकं फिरलं. त्याच आठवड्यात माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाची घरातली प्रार्थनासभा धमकावून बंद पाडली होती, आणि आमचे पाळक म्हणतायत ‘सगळ्याच’. मी टाइप केलं : “मेंढपाळानं कधीतरी लांडग्याचं नाव घ्यायला हवं. पगार तर मेंढरंच देतात ना?” सत्तावीस थम्स-अप आले. मी मोजले होते, खोटं कशाला बोलू.

पाळकसाहेबांनी उत्तर दिलं नाही. सात महिन्यांनी त्यांनी सेवा सोडली. आता ते एका क्लासमध्ये दहावीच्या मुलांना इंग्रजी शिकवतात.

गेल्या आठवड्यात ते मला एका स्नॅक्स सेंटरबाहेर अचानक भेटले. चहा घेतला. मी जरा घाबरतच विचारलं, “पाळकसाहेब, ग्रुपवरच्या त्या सगळ्यामुळे सोडलंत का?” ते म्हणाले, “आता पाळकसाहेब नको म्हणूस रे.” मग थोडं थांबून म्हणाले, “भांडणामुळे नाही. शनिवारी उपदेश लिहायला बसलो की वचनाआधी माणसं दिसायला लागली. या ओळीवर हे चिडतील, त्या ओळीवर ते. मग दोन्ही ओळी काढायचो. असं वर्षभर चाललं. उरायचं काय? सूचना आणि आशीर्वाद.”

मी रेव्हरंड टिळकांचं नाव काढलं. नारायण वामन टिळकांनीसुद्धा १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनचं काम सोडलंच होतं आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला होता, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या दोघांसाठी. ते हसले. “टिळक मोठ्या कामासाठी बाहेर पडले. मी दमून बाहेर पडलो. उगाच मोठी नावं जोडून माझ्या दमण्याला शोभा आणू नकोस.”

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच प्रश्न फिरतोय. माझा मुद्दा चुकीचा होता का? मला अजूनही तसं वाटत नाही. ज्यांची सभा बंद पाडली, त्यांना ‘जरा सभ्यपणे बोला’ असं सांगणं फार सोपं असतं, आणि बहुतेक वेळा ज्याचं काही गेलेलं नाही तोच ते सांगतो. १९६३ मध्ये अलाबामातल्या आठ गोऱ्या धर्मगुरूंनी बर्मिंगहॅमच्या निदर्शनांबद्दल असाच सबुरीचा सल्ला दिला होता. मार्टिन ल्यूथर किंग यांनी तुरुंगातून त्यांना लांबलचक उत्तर लिहिलं. त्यात एकही मुद्दा मऊ केलेला नाही. मवाळ गोऱ्यांबद्दलची निराशा तर जिव्हारी लागावी अशी आहे. पण सुरुवातीला ते त्यांना आपले सेवाबंधू म्हणतात, आणि सल्ला देणाऱ्यांचा हेतू प्रामाणिक असेल असं धरून चालतात. त्यांच्या पगारावर ते घसरत नाहीत.

मी घसरलो होतो.

ऑफिसात आमचा साधा नियम आहे : कोड रिव्ह्यूमध्ये कोडवर बोलायचं, लिहिणाऱ्यावर नाही. मी स्वतः ज्युनिअर मुलांना हे शिकवतो. (मंडळी म्हणजे कोड नव्हे, हे मला कळतं. राजकारणात तर माणसाचं घर, भीती, मुलंबाळं, सगळंच गुंतलेलं असतं.) पण त्या रात्री मी पाळकसाहेबांच्या सूचनेला उत्तरच दिलं नव्हतं. ‘त्या कुटुंबासाठी रविवारी नाव घेऊन प्रार्थना करू या का?’ असं विचारता आलं असतं. ते कदाचित हो म्हणाले असते. मी विचारलंच नाही, कारण मला उत्तर नको होतं, थम्स-अप हवे होते. एकाच जिभेने देवाची स्तुती करायची आणि त्याच्या प्रतिमेत घडलेल्या माणसाला शाप द्यायचा, याबद्दल याकोब तिसऱ्या अध्यायात लिहितो. मी ते बायबल स्टडीत शिकवलंय, स्लाइड्ससकट.

पौलही काही मवाळ माणूस नव्हता. पेत्र चुकला तेव्हा अंत्युखियात त्याला तोंडावर विरोध केला, असं तो गलतीकरांना स्वतःच सांगतो. तिथेच बर्णबाही वाहवत गेला, हेही लिहून टाकतो. पण करिंथकरांच्या पहिल्या पत्रात बर्णबाचं नाव येतं ते आपल्यासारखाच कष्ट करून राबणारा म्हणून. आणि तीमथ्याच्या दुसऱ्या पत्रात, अगदी शेवटी, तुरुंगातून तो निरोप देतो : मार्कला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. त्याच निरोपात झगा मागवतो, पुस्तकं मागवतो. मधल्या काळात काय घडलं, कोणी कोणाची माफी मागितली, काहीच लिहिलेलं नाही.

माझ्या बाबतीत तो मधला काळ अजून चालूच आहे. त्या दिवशी चहा संपेपर्यंत माझ्या तोंडून माफी निघाली नाही. बिल मात्र मी भरलं. येत्या रविवारी त्यांच्या घरी जायचं ठरवलंय. बायको म्हणते, घरी जाऊन सॉरी म्हणशील ते ठीक आहे, पण अपमान तर तू एकशे ऐंशी जणांसमोर केला होतास.

ग्रुप अजून आहे. मी पण त्यात आहे. ते नाहीत.