कारणाचा रकाना

भाऊ चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते, राहायला चिखलीत. प्रेस बंद पडली की अख्खी लाइन थांबायची आणि सगळे भाऊंकडे बघायचे. एकदा सेकंड शिफ्टला त्यांच्या छातीत दुखू लागलं, घाम फुटला, डावा हात जड झाला. हाताखालचं पोरगं म्हणालं, "काका, दवाखान्यात चला." भाऊ त्याच्यावरच खेकसले. घरून फोन आला, तर "ॲसिडिटी आहे" म्हणून ठेवून दिला. प्रेस चालू करून दिली आणि मग कोसळले.

दोन स्टेंट पडले. तीन महिन्यांनी एको चांगला आला, बीपी ताब्यात. पण रात्री अडीचला भाऊ टक्क जागे, बोटं मनगटावर, नाडी मोजत पडलेले. घरात टीव्हीचा आवाज बारीक आणि बायकोचा त्याहून बारीक.

निगडीच्या दुर्गा टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांत बायपास झालेले एक अण्णा होते. ते म्हणाले, "झोप नाही ना? लिहून काढ."

भाऊ पडले रजिस्टरचे माणूस. पट्टीनं रकाने आखून वही तयार: वेळ, बीपी, साखर, गोळी, चालणं. आठवड्यानं मोठ्या अभिमानानं अण्णांना दाखवली.

अण्णांनी पानं चाळली. "तुमच्या ब्रेकडाउन रजिस्टरमध्ये नुसतं 'मशीन बंद पडलं, चालू केलं' लिहिलं, तर साहेब सही करतो?"

"छे! कारण लागतं. व्हाय-व्हाय करावं लागतं. पाच वेळा 'का' विचारायचं."

"मग यात कारणाचा रकाना कुठाय?"

भाऊ गप्प.

"रोज पंधरा मिनिटं, चार दिवस. शुद्धलेखन गेलं खड्ड्यात. वही कुणाला दाखवायची नाही, मलाही नाही. आधी जरा जास्तच जड वाटेल. आणि हे बघ, छातीत दुखलं तर वही नाही, 108."

पंधरा मिनिटं आणि चार दिवस हे अण्णांनी मनानं ठरवलेलं नव्हतं. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग असाच होता. मनातला सल, घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही, ज्यांनी लिहिलं, त्यांना लगेच उदास वाटलं. पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. हृदयरुग्णांवरच्या अभ्यासांचे निष्कर्ष मात्र सगळे एका बाजूचे नाहीत, आणि रक्त पातळ ठेवणारी गोळी वहीमुळे सुटत नाही. तरी मनातलं लिहून काढावं, हे आपल्याला अमेरिकेकडून कळावं, याची गंमत वाटते. चिखलीजवळच देहू. दुष्काळात बायको आणि मूल गेल्यावर तुकोबांनी कर्जाची खतं इंद्रायणीत बुडवली, असं परंपरा सांगते. मनातलं मात्र त्यांनी लिहून काढलं, तेही देवाशी भांडत.

पहिल्या दिवशी भाऊंनी चार ओळी लिहिल्या आणि वही गादीखाली सारली. दुसऱ्या दिवशी रडू आलं, म्हणून मोरीत जाऊन नळ सोडला. तिसऱ्या दिवशी हात सवयीनं चालला.

झोप का नाही? परत होईल, ही भीती.
भीती का? त्या दिवशी कळत असून थांबलो नाही.
का थांबलो नाही? लाइन बंदच राहिली असती.
राहिली असती तर? दुसऱ्या कुणीतरी चालू केली असती.
मग? माझ्यावाचून चालतं, हे सगळ्यांना कळलं असतं.

भाऊ त्या ओळीकडे बराच वेळ बघत राहिले. मग त्या पोराला फोन लावून म्हणाले, "त्या दिवशी तुझं बरोबर होतं."

चौथ्या दिवशी लिहायला बसलेच नाहीत. स्वयंपाकघरात गेले. "ॲसिडिटी नव्हती. मला माहीत होतं."

लाटणं थांबलं. "मलाही माहीत होतं," ती म्हणाली, आणि तीन महिने दाबून ठेवलेला आवाज एकदम फुटला. आमचा विचार केलात का? कंपनी आधी की पोरं आधी? रात्रभर तुमचा श्वास मोजत मी जागी असते, ते दिसतं का तुम्हाला? कडाडून भांडण झालं. शेजारीण दारात येऊन चौकशी करून गेली. भाऊ ऐकत राहिले. मध्ये एकदा सवयीनं मनगटाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला.

शेवटी तिनं पदरानं तोंड पुसलं आणि तवा पुन्हा गॅसवर ठेवला.

"संध्याकाळी खाली जाल, तेव्हा मलाही एक वही आणा," ती म्हणाली. "दोनशे पानी."